नालबंदाच्या कुत्रीचं पाणी

कुत्रीचं पाणी बंद करायला मी सांगितलं आणि ते पुन्हा सुरू करायला सांगायचं विसरलो.

चूक एवढीच. लिहायला एक ओळ पुरली. करायला तर तेवढेही कष्ट पडले नाहीत. तोंड उघडलं, मिटलं, झाली. जनावरांचा डॉक्टर म्हणून पुढे मी पुष्कळ चुका केल्या. त्यातल्या काही चांगल्या गुंतागुंतीच्या होत्या, सांगताना ऐकणाराही जरा आदराने बघतो. हिच्यात तसलं काही नाही. ही चूक शाळेतल्या पोरानंही केली नसती, कारण कुत्र्याला तहान लागते हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. ते विसरायला पदवी लागते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. कोल्हापुरातल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी नवाच लागलो होतो. नवा म्हणजे इतका नवा, की पांढऱ्या कोटाला इस्त्री करून मी तो सायकलच्या हँडलला टांगून न्यायचो, चुरगळू नये म्हणून. दवाखान्यात गाईम्हशी यायच्या, बैल यायचे, टांग्याची घोडी यायची. कुत्र्यांना उरलासुरला वेळ. आमच्या मोठ्या साहेबांचं त्याबाबत स्वच्छ मत होतं. ते म्हणायचे, "डॉक्टर, कुत्रं ही लोकांची हौस आहे. आपल्याकडं त्याचं खातं नाही." मी मान डोलवायचो. नव्या माणसाची मान फार सैल असते.

मंगळवार पेठेत एका नालबंदाची भट्टी होती. टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकणारा हा उंच, करड्या दाढीचा मुसलमान माणूस सगळ्या पेठेचा चाचा होता. आयुष्यभर ऐरणीच्या घणाघातावरून बोलत आल्यामुळे त्यांना माणसांशी हळू बोलता येतच नसे. आमच्या दवाखान्यात येऊन त्यांनी "आज गर्दी कमी हाय" असं म्हटलं तरी गोठ्यातली म्हैस दचकायची. त्यांच्याकडे एक कुत्री होती. शिकारी जातीची, लांब पायांची, पोट पाठीला लागलेली. कधीतरी कुठल्याशा घोड्यामागून चालत आली आणि भट्टीपाशी राहिली. तिचं काम ठरलेलं. बुजरं घोडं नाल मारायला आलं की ही त्याच्या तोंडासमोर जाऊन बसायची आणि त्याच्याकडे बघत राहायची. घोडंही तिच्याकडे बघत राहायचं आणि पाय द्यायचं. चाचा म्हणायचे, "ही हाय म्हणून माझ्या बरगड्या जाग्यावर हाईत." चाचांना मूलबाळ नव्हतं. चाची त्या कुत्रीशी दिवसभर बोलायची, आणि चाचा त्या कुत्रीशी जेवढं हळू बोलायचे तेवढं दुसऱ्या कुणाशीच नाही.

एका शनिवारी सकाळी चाचा तिला घेऊन आले. खात नव्हती, पाणी मात्र घागरीनं पीत होती, आणि तेवढंच बाहेर टाकत होती. पोट सुटलं होतं. चाचीला वाटलं होतं दिवस राहिले. तिनं तुपातला शिरा करून घातला होता, तो कुत्रीनं उलटून टाकला होता. मी पोट दाबून बघितलं.

"चाचा, पिल्लं नाहीत. गर्भाशयात पू झालाय."

चाचांनी तिच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाले, "औषध द्या की मग."

"औषधानं नाही जायचं. पोट उघडून गर्भाशयच काढायला पाहिजे. उद्या सकाळी आणा. आणि आज रात्रीपासून खाणंपाणी बंद."

हे शेवटचं वाक्य मी कॉलेजातून जसंच्या तसं आणलं होतं, आवाजासकट. भुलीत असताना पोटातलं वर येतं, श्वासनळीत जातं, म्हणून पोट रिकामं हवं. बरोबर आहे. पण या आजारातली कुत्री हौसेनं पाणी पीत नसते. पुवाच्या विषानं तिच्या मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. येईल तेवढं वाहून जातं, आणि त्याची भरपाई म्हणून ती बिचारी पीत असते. तिचं पाणी तोडलं तरी गळती चालूच राहते. तिला त्याच क्षणी दवाखान्यात ठेवून शिरेतून सलाईन लावायला हवं होतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात होतं, आणि त्याखाली मी लाल पेन्सिलीनं रेघही मारली होती. रेघ मारली की ज्ञान झालं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

"पाणी बी न्हाय?" चाचांनी विचारलं.

"एक थेंबसुद्धा नाही."

दुसऱ्या कुणी हे अर्धंच पाळलं असतं आणि कुत्री सुखात राहिली असती. चाचांनी पाळलं, कारण त्यांना एकदा धडा मिळाला होता. हर्नियाच्या ऑपरेशनला माणसांच्या दवाखान्यात गेले होते, सकाळी अर्धा कप चहा प्याले, आणि तिथल्या सर्जननं अख्ख्या वॉर्डासमोर त्यांची शोभा करून घरी पाठवलं. तेव्हापासून डॉक्टरचा शब्द म्हणजे शब्द.

रविवारी सकाळी मी ऑपरेशनची हत्यारं उकळायला ठेवतोय तोच साहेब आले. बरोबर पुण्याहून आलेले तपासणीचे वरिष्ठ आणि त्यांच्या पत्नी. आदल्या आठवड्यात याच तपासणीसाठी आम्ही आवारातल्या दगडांना चुना फासला होता. बाईंना जोतिबाला जायचं होतं. चैत्र, त्यात रविवार, देवाचा वार. साहेब मला म्हणाले, "तुम्ही जा बरोबर. सगळं नीट दाखवा."

"साहेब, ऑपरेशन आहे. नालबंदाची कुत्री."

"कुत्रीच ना? उद्या करा."

माझी सैल मान डोलली. मी शिपायाला हाक मारली आणि सांगितलं, "मंगळवार पेठेत नालबंदाकडं जा आणि सांग, आज नाही, उद्या." शिपाई गेला आणि त्यानं सांगितलं, "आज न्हाय, उद्या." सरकारी नोकरीत इतका अचूक निरोप पोचलेला मी पुढे कधी पाहिला नाही. चूक त्या माणसावर ढकलायचा मी नंतर फार प्रयत्न केला. जागाच सापडली नाही.

डोंगरावर ऊन मी म्हणत होतं. गुलाल उधळत होते, खोबरं उधळत होते. बाईंना ते फार आवडलं. त्यांनी मूठभर गुलाल माझ्याच डोक्यावर टाकला. वरिष्ठ हसले, म्हणून मीही हसलो. उतरताना वाटेत उसाचा रस प्यालो, मग बर्फाचं पाणी प्यालो, मग जीपमध्ये बाईंच्या थर्मासमधलं सरबत प्यालो. त्या दिवशी मी काय काय प्यालो ते आठवलं की माझं डोकं अजून तापतं.

सोमवारी सकाळी टांगा थेट आवारात शिरला. चाचांनी गोणपाटात गुंडाळलेली कुत्री दोन्ही हातांवर उचलून आणली आणि टेबलावर ठेवली. मान सरळ राहत नव्हती. डोळे आत गेलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती खाली बसेना, तंबूसारखी उभीच राहिली. ओठ वर करून हिरडी पाहिली. विटकरी रंगाची, कोरडी, बोट चिकटत होतं. मांडीच्या आत नाडी शोधली, ती सापडायलाच वेळ लागला.

चाचा माझ्याकडे बघत होते. माझ्या केसांत, कानाच्या पाळीमागं, नखांत गुलाल. कितीही घासा, तो लगेच जात नाही.

"देवाला गेलतासा व्हय?"

"हो... साहेबांबरोबर..." मी विषय बदलला. "पाणी कधी प्याली ही?"

"कवा म्हंजे? तुम्हीच बंद केलासा की!"

"ते शनिवारी. अहो, काल ऑपरेशन नव्हतं, मग..."

"मग काय मग? तुमचा शिपाई आला. आज न्हाय, उद्या म्हणाला. पाणी द्या म्हणाला न्हाय." चाचांचा आवाज चढला. गोठ्यात कुणीतरी हंबरलं. "नाल विझवायच्या कुंडीवर मी फळी टाकली. त्यावर दगड ठेवला. ही त्या फळीला नाक लावून बसली ती उठंना. चाचीनं तांब्या उचलला तर मी चाचीच्या अंगावर धावून गेलो, तुमच्या शब्दापायी! आवं डॉक्टर, रोजा बी दिस मावळला की सुटतो. तुमचा कवा सुटायचा हुता?"

 

चुकलेल्या माणसाला आधी लाज वाटते म्हणतात. मला राग आला. चाचांचा आला, की एवढं शब्दाला धरून राहायला तुम्हाला सांगितलं कुणी. शिपायाचा आला. थर्मासवाल्या बाईंचा आला. फळीचा, दगडाचा आला. सगळीकडून फिरून तो शेवटी जिथं यायचा तिथं आला. पण स्वतःवर ओरडता येत नाही, आणि तोवर समोर साहेब येऊन उभे होते.

साहेबांनी लांबूनच कुत्री पाहिली. "चला, उरकून टाका. पू आत आहे तोवर विष चढतच राहणार. जितका उशीर तितकं वाईट."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तर मी जास्त भडकलो. "साहेब, आत्ता भूल दिली तर टेबलावर मरेल."

"भूल दिल्याशिवाय कापणार कसं?"

"भूल द्यायचीय. पण आधी पाणी. शिरांमध्ये काही राहिलेलंच नाही. भुलीनं शिरा सैल पडतात, त्यात रक्त आधीच आटलेलं, हृदय ढकलणार काय? विहीर कोरडी असताना मोटार चालू केली की काय होतं?"

"मोटार जळते की," चाचा मागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," मी आणि साहेब एकदमच म्हणालो. त्या सकाळी आमचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

"सलाईनच्या बाटल्या द्या," मी म्हणालो.

"त्या संकरित गाईंसाठी आल्यात."

"गाय आहे का आत्ता इथं एखादी मरायला टेकलेली?"

"उद्या येईल. आणि आवाज खाली. गुलाल डोक्यात गेलाय वाटतं तुमच्या."

मी त्यांना काय काय म्हणालो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या पाहुण्यांना देव दाखवत होतो म्हणून ही मरतेय" हे त्यातलं सौम्य वाक्य. ते म्हणताना मला पुरतं ठाऊक होतं, की पाहुण्यांना देव दाखवूनही शिपायाला "तिला पाणी पाजायला सांग" असं म्हणता आलं असतं. चार शब्द. खोटं बोलताना आवाज जास्त मोठा निघतो. माझा तर चाचांच्या वरताण निघाला.

तसाच सायकलवर टांग मारली आणि माणसांच्या मोठ्या दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानात गेलो. गर्दी होती. मी गर्दीत घुसून ओरडलो, "सलाईन द्या! ग्लुकोजचं द्या, साधं द्या, आहे तेवढं द्या!"

काउंटरवाल्यानं गुलालाकडं बघितलं. "पेशंट कुठल्या वॉर्डात हाय?"

"वॉर्डात नाही. कुत्री आहे."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मग मागून एकजण म्हणाला, "पावणं, निवडून आलासा काय?" दुसरा म्हणाला, "निवडून कुत्री आली आसंल, ह्यास्नी मिरवणुकीत गुलाल लागलाय." सगळं दुकान हसलं. काउंटरवालाही हसला, पण त्यानं बाटल्या दिल्या. त्या पिशवीत घालून, एक हात हँडलवर आणि एक पिशवीवर, मी परत आलो. काचेच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या आणि मी शिव्या देत होतो. कुणाला ते विचारू नका. यादीत कोल्हापूरचे रस्तेही होते.

बाटल्या कोमट पाण्याच्या बादलीत ठेवल्या. गार सलाईन आधीच गार पडलेल्या जनावराला आणखी गार करतं. रबरी नळी उकळून तयार होती. पुढच्या पायाची शीर बोटाखाली भरेना. पाणी नसलेल्या नळीसारखी चपटी पडलेली. एक सुई वाया गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी चाचा म्हणाले, "तुम्ही शिवताय का टोचताय?" मी सुई त्यांच्याच दंडात घालणार होतो. मग मागच्या पायाची बाहेरच्या बाजूची शीर धरली, वर करकचून बांधलं, आणि नळीत मागं लाल रक्त आलं. चाचांनी पाय असा धरला होता, की भूकंप झाला असता तरी हलला नसता.

पहिली बाटली जोरात सोडली. दुसरी थोडी हळू. मधेमधे छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होतो. फार घाई केली तर पाणी फुफ्फुसात भरतं आणि तहानेनं मरणारी कुत्री बुडून मरते. हिरडी दाबून पांढरी करायची आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. आधी रंग येतच नव्हता. मग आला, रेंगाळत आला. मग जरा बरा आला.

साहेब दारात आले. "झालं का? दुपारनंतर या खोलीत उजेड राहत नाही."

"लघवी झाल्याशिवाय भूल नाही."

"काय?"

"तिला लघवी होऊ दे. मूत्रपिंडांपर्यंत पाणी पोचलं हे त्याशिवाय कळायचं नाही."

मग सुरू झाली ती वाट. मी, चाचा, शिपाई, टांगेवाला आणि दारातून आत-बाहेर करणारे साहेब, पाच मोठी माणसं एका कुत्रीच्या लघवीची वाट बघत होतो. म्हैस घेऊन आलेल्या एका बाईनं विचारलं, "काय चाललंय वो?" टांगेवाल्यानं गंभीरपणे सांगितलं. बाई म्हणाली, "आमची म्हस लई करती, तिची चालंल का?" चाचांना त्याचं हसू आलं नाही. ते कुत्रीच्या कानापाशी वाकून, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या बारीक आवाजात काहीतरी बोलत होते. मला तेवढं ऐकू आलं, "कर बेटा, कर. आता कुणी न्हाय म्हणायचं न्हाय."

नळीची चिमटी जरा सैल करायला मी टेबलाखाली वाकलो आणि त्याच क्षणी तिनं केली. थेट माझ्या डोक्यावर. केसांतल्या गुलालातून वाट काढत ती कोटावर उतरली, आणि इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर कॉलरपासून खिशापर्यंत गुलाबी ओघळ आले. शिपाई खो खो हसला. त्या दिवसातली मला मिळालेली ती पहिली चांगली बातमी होती, आणि ती अशा वाटेनं आली.

आता भूल. पुस्तकात वजनाप्रमाणे मात्रा दिलेली असते. ती धडधाकट कुत्र्याची असते, आणि धडधाकट कुत्रं पोट उघडायला कशाला येईल? शिवाय हिच्या अंगावर चरबी नावाला नव्हती. अशा सडपातळ कुत्र्यांना ही भूल चढते चटकन आणि उतरता उतरत नाही. मी मात्रेच्या निम्मं औषध सिरिंजमध्ये घेतलं, पोटाच्या मध्यरेषेवर आधी बधिर करायचं इंजेक्शन टोचलं म्हणजे भूल कमी लागेल, आणि मग शिरेतून औषध इतकं सावकाश सोडू लागलो की साहेब म्हणाले, "डॉक्टर, पिचकारी आहे ती, अत्तरदाणी नव्हे." निम्म्यातलंही निम्मं गेलं नाही तोच पापणी हलायची थांबली. मी हात मागं घेतला. पापणीबरोबर श्वासही थांबला.

ओरडायला काहीच उरलं नव्हतं. मी जीभ बाहेर ओढली, तेवढ्यात मला बाजूला सारून कुणाचे तरी दोन हात कुत्रीच्या बरगड्यांवर आले. साहेबांचे. बाह्या न सरसावता, घड्याळ न काढता, ते छाती दाबत होते, सोडत होते आणि दातओठ खात म्हणत होते, "घे. घे. मूर्खा, श्वास घे." मूर्खा कुणाला म्हणत होते, ते मी विचारलं नाही. कुत्री पुल्लिंगी नव्हती.

तिनं श्वास घेतला. एक. मग बऱ्याच वेळानं दुसरा. मग आपले आपण.

भूल टिकवायला कापसाच्या बोळ्यावर थेंबथेंब ईथर धरायला साहेब बसले. मी पोट उघडलं. गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या बाहेर आल्या. पडवळासारख्या लांब, फुगलेल्या, करड्या. त्यांचं ओझं पोटातून उचललं की दाब एकदम उतरतो हे ठाऊक होतं, तरी नाडी बोटाखालून निसटायला लागली. "बाटली जोरात सोडा!" मी ओरडलो. शिपाई म्हणाला, "संपाया आली." औषधाच्या दुकानातली ही शेवटची होती.

साहेबांनी ईथरचा बोळा चाचांच्या हातात दिला. "नाकापासून एवढा लांब धर. जवळ न्यायचा नाही," म्हणून खोलीबाहेर गेले. कुलूप उघडल्याचा आवाज आला. कपाट उघडल्याचा आला. ते बाटली घेऊन आले, काखेत धरून गरम करत करत. "ही माझी नव्हे. गाईची आहे," ते म्हणाले. मी त्यांना धन्यवाद द्यायला हवे होते. मी म्हणालो, "सकाळीच दिली असती तर काय झालं असतं?" ते म्हणाले, "काल सकाळी तुम्ही एक तांब्या दिला असता, तर हिला माझी बाटली लागलीच नसती."

मी पुन्हा पोटाकडं वळलो. बांधलं, कापलं, शिवलं. पडवळं बादलीत टाकली तेव्हा शिपाई बाहेर जाऊन आला.

तिला शुद्धीवर यायला दुपार टळली. मी तोवर तिथंच बसलो होतो, त्याच ओल्या कोटात. चाचाही.  तिनं मान उचलली, इकडंतिकडं बघितलं आणि जिभेनं ओठ चाटले. चाचा उठले, परातीत पाणी घेऊन आले आणि माझ्याकडं न बघता साहेबांना विचारलं, "साहेब, दिऊ?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "थोडंसं. दोन घोट. मग थांबा, उलटी होते का बघा, मग परत..."

"मी साहेबास्नी इचारलं," चाचा म्हणाले.

"दे," साहेब म्हणाले. "दोन घोट."

कुत्री जगली. तिच्यामुळं साहेबांचं मन पालटलं, त्यांनी कुत्र्यांसाठी कपाट उघडलं, असं काही नाही. दुसऱ्या दिवशी कपाटाला पूर्वीचंच कुलूप होतं, आणि महिन्याभरात कुणाच्या तरी कुत्र्याच्या सलाईनवरून आमचं पुन्हा कडाक्याचं भांडण झालं. फरक पडला तो माझ्यात, आणि तोही काही फार उदात्त नव्हे. निरोप पाठवायची वेळ आली की मी शिपायाकडून तो तीन वेळा म्हणवून घ्यायचो. मग शिपाई गेल्यावर सायकल काढून त्याच्यामागं जायचो आणि स्वतः पुन्हा सांगायचो. लोक मला वैतागले. वैतागू देत. अजूनही कुणी डॉक्टर दारातून जाता जाता "खाणंपाणी बंद" असं म्हणून पुढं गेला की मी त्याला थांबवतो आणि विचारतो, कधीपर्यंत? परवा असंच एका तरण्याताठ्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही पेशंट आहात का?"

टाके काढायला चाचा कुत्रीला चालवत घेऊन आले. सोबत चाचीही आली होती. कुत्री टेबलावर चढायला तयार नव्हती, माझ्याकडे बघून तिनं दातही दाखवले. तिचा अधिकार होता. चाचांनी धरली. जखम छान भरली होती. मी एकेक टाका कापून चिमट्यानं ओढून काढला आणि वाटीत टाकला. काम चांगलं झालं होतं, ऊन कोवळं होतं, आणि त्या भरात मला वाटलं आता जरा बोलायला हरकत नाही. मी घसा साफ केला.

"चाचा, आता नीट ऐका. आठ दिवस हिला आंघोळ घालायची नाही. आणि खाण्याचं म्हणाल तर..."

चाचीनं तोंडाला पदर लावला. चाचांनी हात वर करून मला थांबवलं, वाटीत बघितलं, आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "डॉक्टर, हाताला गुण हाय तुमच्या. पर हे काढलेलं टाकं फेकू नगासा. तुमच्या तोंडाला घालून घ्या."